वेदनेला घातलेली मर्यादा उठवा: अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाला खुले पत्र

प्रति,
माननीय सचिव,
माजी सैनिक व्यवहार विभाग (व्हीए), वॉशिंग्टन डी. सी.
प्रत: अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या माजी सैनिकविषयक समित्या

महोदय,

अपंगत्वाची टक्केवारी ठरवण्याचा तुमच्या विभागाचा जो तक्ता आहे, त्यात कलम ४.१२३ मज्जातंतूंच्या दाहाविषयी, म्हणजे न्यूरायटिसविषयी आहे. प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होणे, स्नायू आटणे, संवेदना बिघडणे आणि सततची, कधी कधी असह्य होणारी वेदना ही दाहाची लक्षणे त्यात दिली आहेत. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की शारीरिक बदल दिसत नसतील तर टक्केवारी 'मध्यम' पायरीच्या वर जाणार नाही. कमरेतून पायात जाणाऱ्या सायटिक नसेला तेवढी एक पायरी जास्त. दुखणे किती आहे, माणूस रात्री झोपतो की नाही, कामावर उभा राहू शकतो की नाही, याचा त्या मर्यादेशी काही संबंध नाही.

हा मजकूर नियमसंहितेत १९६४ साली छापला गेला. त्यानंतर नसांच्या आजारांविषयीचे ज्ञान कितीतरी पुढे गेले, तपासण्या बदलल्या, न्यायालयांनी वेदनेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कलम मात्र तसेच राहिले. त्याची दुरुस्ती व्हावी म्हणून हे पत्र आहे.

पत्र मराठीत लिहिण्याला कारण आहे. २००९ ते २०१६ या काळात अमेरिकी सैन्याने 'मावनी' योजनेखाली परदेशी नागरिकांना त्यांच्या भाषेच्या जोरावर भरती केले. त्या भाषांच्या यादीत हिंदी होती आणि भारतातून शिकायला आलेले तरुण त्या वाटेने गणवेशात गेले. अमेरिकेतच जन्मलेली, घरात मराठी बोलणारी मुलेमुली सैन्यात गेली ती वेगळीच. नसांच्या दाव्यात घरच्या माणसाच्या साक्षीला वजन असते, आणि ती साक्ष देणारी पत्नी, आई किंवा भाऊ बरेचदा मराठीतच विचार करतात. विभागाचे नियम त्यांच्या भाषेत कुणी समजावून सांगत नाही. आम्ही लिहिणारे या कागदांशी नित्य संबंध असलेली माणसे आहोत: कोणी दाव्यांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी, कोणी नसांच्या विकारांवर उपचार करणारे, कोणी स्वतः पायांची आग सोसणारे. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहोत.

आधी आकडे. सायटिक नसेचा तक्ता असा आहे: सौम्य बिघाडाला १० टक्के, मध्यमला २०, मध्यमाहून तीव्रला ४०, स्नायू ठळकपणे आटलेल्या तीव्र बिघाडाला ६० आणि नस पूर्ण लुळी पडून पाऊल खाली लोंबत असेल तर ८०. तिसऱ्या पायरीवर टक्केवारी एकदम दुप्पट होते, हे लक्षात घ्यावे. दोन्ही पायांना 'मध्यम' म्हटले तर २० आणि २० यांची विभागाच्या पद्धतीने (दुसरे २० टक्के उरलेल्या ८० वर मोजून) बेरीज ३६ होते. दोन्ही बाजूंचे अवयव बाधित असल्याची एक दशांश वाढ धरून ती ३९.६ होते आणि ४० धरली जाते. त्याच माणसाच्या दोन्ही पायांना 'मध्यमाहून तीव्र' म्हटले तर बेरीज ६४, वाढ धरून ७०.४, म्हणजे ७० टक्के. १ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दरांत, अवलंबून कोणी नसलेल्या माजी सैनिकाला ४० टक्क्यांना महिना ७७४.१६ डॉलर मिळत होते आणि ७० टक्क्यांना १,७५९.१९ डॉलर. एका शब्दाच्या फरकाने महिन्याला ९८५.०३ डॉलर जात होते.

फरक तिथेच थांबत नाही. नोकरी करणेच अशक्य झालेल्या माणसाला शंभर टक्क्यांच्या दराने भरपाई देण्याची सोय कलम ४.१६ मध्ये आहे. त्यासाठी एकच अपंगत्व ६० टक्के किंवा एकूण ७० टक्के आणि त्यात एक तरी ४० टक्के अशी अट आहे. दोन्ही पाय मिळून एकच अपंगत्व धरले जाते. वर सांगितलेला ७० टक्क्यांचा माणूस ही अट पूर्ण करतो. ४० टक्क्यांच्या माणसाला मात्र अपवाद म्हणून वॉशिंग्टनच्या संचालकांकडे प्रकरण पाठवावे लागते. दोघांचे पाय सारखेच जळत असतात. एकाची हातोडीने तपासलेली प्रतिक्षिप्त क्रिया गेलेली असते, दुसऱ्याची शाबूत असते, एवढाच फरक.

आता कलमातच काय अडते ते सांगतो.

सर्वात मोठी अडचण संकेतांकाची आहे आणि बहुतेक कुटुंबांना तिचा पत्ताही नसतो. सायटिक नसेसाठी तक्त्यात तीन संकेतांक आहेत: ८५२० लुळेपणाचा, ८६२० दाहाचा, ८७२० नुसत्या नसेच्या दुखण्याचा. आजार एकच, रुग्ण एकच. पण ८५२० लावला आणि बिघाड निव्वळ संवेदनेचा आहे असे ठरले, तर कलम ४.१२४अ मधल्या टिपेनुसार पायरी सौम्य किंवा फार तर मध्यम, म्हणजे कमाल २० टक्के. ८६२० लावला तर शारीरिक बदल नसतानाही 'मध्यमाहून तीव्र', म्हणजे ४० टक्क्यांपर्यंत वाट मोकळी आहे. ८७२० लावला तर पुन्हा कमाल मध्यम, २० टक्के. या तिन्हींतला कोणता संकेतांक कधी लावायचा, याचा स्पष्ट निकष नियमात नाही. डॉक्टरने अहवालात 'न्यूरोपॅथी' (नसांचा विकार) लिहिले की 'न्यूरायटिस' लिहिले, यावरून माणसाची टक्केवारी अर्धी किंवा दुप्पट होऊ शकते. उपचार करताना डॉक्टर हे शब्द तक्त्याचा विचार करून वापरत नाहीत. रुग्णाला बरे करण्यापुरते ते वापरतात.

दुसरी अडचण 'शारीरिक बदल' या शब्दांची. कलम ४.१२३ मध्ये जी लक्षणे दिली आहेत त्यांत संवेदनेचा बिघाडही आहे. मग तो शारीरिक बदल मानायचा की नाही? चारही लक्षणे हवीत की एक पुरे? कलम याबद्दल गप्प आहे. आम्ही हे वाचतो तेव्हा आम्हाला वाटते की घोट्यापर्यंत टाचणीचा स्पर्श कळत नसेल तर तो बदल शारीरिकच आहे, कारण त्याखालचे तंतू नष्ट झाले आहेत. पण नियमात ते स्पष्ट लिहिलेले नसल्याने ज्याच्या हाती फाइल जाते त्याने जसा अर्थ लावला तसा निर्णय होतो.

तिसरी, शब्दांची व्याख्या. सौम्य, मध्यम, तीव्र या शब्दांचा नेमका अर्थ तक्त्यात कुठेही दिलेला नाही. गुडघा किती अंशात वाकतो त्यावर तक्ता टक्केवारी देतो. बहिरेपणासाठी डेसिबलमध्ये मोजमाप आहे. नसांसाठी मोजमाप नाही, विशेषण आहे. पाच मिनिटांपेक्षा जास्त उभे राहता न येणे मध्यम की तीव्र? पायावर चादर सहन न होणे? आठवड्यातून दोनदा तोल जाणे? कलम ४.७ सांगते की दोन पायऱ्यांच्या मध्ये शंका असेल तर चित्र ज्या वरच्या पायरीच्या जवळ आहे ती द्यावी, आणि कलम ३.१०२ शंकेचा फायदा माजी सैनिकाला देते. पायऱ्यांच्या सीमाच आखलेल्या नसतील तर कोणती पायरी जवळ आहे हे कुणी कसे सांगावे?

न्यायालयांनी निव्वळ संवेदनेची टीप आणि वेदना या दोन गोष्टींना हात घातला आहे. २०१७ च्या मिलर विरुद्ध शुल्किन या निकालात माजी सैनिकांच्या दाव्यांच्या अपील न्यायालयाने म्हटले की निव्वळ संवेदनेच्या बिघाडाची टीप कमाल मर्यादा ठरवते. संवेदनेपलीकडे काही बिघाड असेल तर मध्यमाच्या वरची पायरी आपोआप मिळेल, असा तिचा अर्थ नाही. २०१८ मध्ये सॉन्डर्स विरुद्ध विल्की या निकालात फेडरल सर्किट या त्यावरच्या अपील न्यायालयाने मान्य केले की वेदना माणसाच्या काम करण्याच्या क्षमतेला धक्का लावत असेल तर ती स्वतःच अपंगत्व ठरू शकते, मग तिच्यामागे ठरावीक निदान असो वा नसो. म्हणजे वेदनेला अपंगत्वाच्या दारातून आत घेतले गेले. पण आत आल्यावर तिला किती द्यायचे हे अजून कलम ४.१२३ ठरवते, आणि तिथे वेदनेची उंची आधीच कापलेली आहे.

आता वैद्यकीय बाजू, कारण कलमाचा खरा दोष तिथे आहे.

मज्जातंतूंत जाड आणि बारीक असे दोन्ही तंतू असतात. जाड तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. स्नायूंची हालचाल, कंपनांची जाणीव, सांध्यांच्या स्थितीची जाणीव आणि प्रतिक्षिप्त क्रिया त्यांच्यावर चालतात. बारीक तंतूंपैकी काहींवर पातळ आवरण असते, काहींवर नसतेच. दुखणे, ऊब, गारवा आणि घामासारख्या आपोआप चालणाऱ्या क्रिया त्यांच्याकडे असतात. दाह किंवा विषारी परिणाम फक्त बारीक तंतूंवर झाला तर रुग्णाला तळव्यांची आग होते, सुया टोचल्यासारखे होते, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. गुडघ्याखालची हातोडीची तपासणी मात्र व्यवस्थित येते, स्नायू आटत नाहीत आणि पायांची ताकद पाचपैकी पाच असते. मज्जातंतूंच्या वहनाची तपासणीही सामान्य येते, कारण ती तपासणी मुळात जाड, वेगवान तंतूंचीच असते. कलम ४.१२३ ज्यांना शारीरिक बदल म्हणते त्यांपैकी बरेचसे बदल या आजारात होऊच शकत नाहीत. अशा माणसाला हातोडी आणि विजेच्या तपासणीने सौम्य ठरवणे म्हणजे ताप आहे का हे पाहायला वजनकाटा वापरणे होय.

त्याची योग्य तपासणी आहे आणि ती अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून दहा सेंटिमीटर वर, पायाच्या बाहेरच्या बाजूला, तीन मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढतात आणि त्वचेच्या वरच्या थरात येणाऱ्या तंतूंची घनता मोजतात. वय आणि लिंग यांच्या प्रमाणभूत आकड्यांशी ती ताडून पाहतात. टाके घालावे लागत नाहीत, काही दिवसांत जखम भरते. घामाच्या प्रतिसादाची तपासणी वेगळी आहे. या दोन्ही तपासण्यांतून बारीक तंतूंचे नुकसान आकड्यात येते. नसांच्या परीक्षेच्या तुमच्या छापील अर्जावर विद्युत तपासणीसाठी स्वतंत्र जागा आहे. त्वचेच्या तुकड्याच्या तपासणीसाठीही तशी जागा करायला हवी.

सर्वांच्या नसांचा दाह बारीक तंतूंचा नसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. खांद्याच्या नसांच्या जाळ्याचा अचानक येणारा दाह सैनिकांत ओळखीचा आहे. संसर्गानंतर, लसीनंतर किंवा अतिश्रमानंतर खांद्यात भयंकर वेदना उठते, काही दिवस किंवा आठवडे टिकते, ओसरते आणि मग मागे अशक्तपणा राहतो. छातीच्या बाजूने जाणारी लांब नस गेली की खांद्याचे पाते पंखासारखे बाहेर येते. या नसेच्या तक्त्यात मध्यम बिघाडाला १० टक्के, तीव्रला २० आणि पूर्ण लुळेपणाला वापरत्या हातासाठी ३०, दुसऱ्यासाठी २० टक्के आहेत. सौम्यला शून्य. जड पाठपिशवीच्या पट्ट्यांनी खांद्याच्या नसा दाबल्या जातात तिथेही असेच. मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस पट्ट्याखाली दाबली गेली तर ती कमाल १० टक्के. या आजारांत पात्याची हालचाल, ताकद आणि स्नायू पाहता येतात, म्हणून कलमाचा त्रास तितका होत नाही. त्यातली गोम वेळेची आहे: वेदनेचा काळ सेवेत असतानाच सरून जातो आणि परीक्षा वर्षांनी होते.

मोजे-हातमोज्यांच्या आकारात पसरणाऱ्या न्यूरोपॅथीत आणखी एक प्रश्न येतो. आजार पावलापासून वर चढतो, एका नसेपुरता नसतो. तक्ता मात्र एकेका नसेचा आहे. परीक्षकाने सायटिक नस निवडली तर मध्यमाला २० टक्के. पोटरीच्या बाहेरच्या बाजूची नस निवडली तरी मध्यमाला २०, पण तीव्रला ३० आणि कमाल ४०. पायाच्या मागच्या बाजूची टिबिअल नस निवडली तर मध्यमाला १० आणि तीव्रला २० टक्केच. आतल्या बाजूची सॅफेनस नस निवडली तर सौम्य आणि मध्यम दोन्हींना शून्य. पसरलेल्या आजारासाठी कोणती नस धरायची, याचा नियम हवा. आज ते परीक्षकाच्या पसंतीवर सोडले आहे.

व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकांविषयी वेगळे लिहावे लागेल. एजंट ऑरेंज या तिथे फवारलेल्या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्यांची न्यूरोपॅथी सेवेमुळेच झाली असे विभाग गृहीत मानतो, पण फक्त लवकर सुरू झालेल्या प्रकारात. शेवटच्या संपर्कापासून एका वर्षाच्या आत त्रास किमान १० टक्क्यांच्या पातळीला पोहोचला असला पाहिजे. २०१३ मध्ये विभागाने एक जाचक अट काढली, जिच्यानुसार हा त्रास दोन वर्षांत नाहीसा व्हायला हवा होता. ती काढली हे योग्य झाले. एका वर्षाची अट मात्र राहिली. १९६९ साली पायांना मुंग्या येतात म्हणून तपासायला गेलेला सैनिक किती जणांना माहीत असेल, आणि त्याची नोंद कुठे शोधायची? त्यामुळे ही माणसे दुसऱ्या वाटेने जातात. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह २००१ पासून गृहीत धरला जातो आणि त्याचा परिणाम म्हणून न्यूरोपॅथीचा दावा करता येतो. सेवेत विषारी पदार्थांच्या संपर्कात आलेल्यांसाठीच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्याने रक्तातल्या एका प्रथिनाच्या विकाराला, एमजीयूएसला, गृहीत आजारांच्या यादीत घेतले. या विकारातही नसांचा दाह होऊ शकतो, पण किती डॉक्टर हा संबंध लेखी मांडतात? ज्यांना मधुमेह नाही आणि एमजीयूएसही नाही, त्यांच्यासाठी मोकळी वाट उरत नाही.

कोरियात गोठणबिंदूच्या खाली लढलेल्यांची गोष्टही याच धर्तीची. थंडीच्या इजेला तक्त्यात १०, २० आणि ३० टक्के आहेत आणि तिच्यामुळे झालेल्या न्यूरोपॅथीला वेगळी टक्केवारी द्यायची सूचना आहे. ती सूचना वाचून कुणी वेगळी टक्केवारी मागितलीच नाही तर ती आपोआप मिळेल याची खात्री नाही.

आखाती युद्धात गेलेल्या सैनिकांच्या ज्या 'निदान न झालेल्या' आजारांना भरपाई मिळते, त्यांत नसांची लक्षणे मोडतात. तिथे अडचण उलटी आहे: डॉक्टरने आजाराला नाव दिले आणि कारण सांगितले की तो 'निदान न झालेला' राहत नाही. ज्या आजाराचे कारण अजून विज्ञानाला सापडलेले नाही, त्याला नुसते नाव मिळाल्याने हक्क जाऊ नये.

परीक्षेची पद्धत. बहुतेक अपंगत्व परीक्षा आता बाहेरच्या कंत्राटदारांमार्फत होतात. परीक्षेचा अर्ज मुळात वाईट नाही: सततची वेदना, अधूनमधून येणारी वेदना, मुंग्या आणि बधिरपणा या चारही गोष्टी प्रत्येक हातापायासाठी वेगळ्या विचारल्या जातात. ताकद शून्य ते पाच आणि प्रतिक्षिप्त क्रिया शून्य ते चार अधिक अशा नोंदल्या जातात, त्वचेतले बदल, चाल आणि काठीचा वापरही नोंदला जातो. विद्युत तपासणी निदानासाठी क्वचितच लागते, असे अर्जातच लिहिले आहे. तरीही तपासणी सामान्य आली की तिचा वापर नकाराला आधार म्हणून होऊ शकतो, कारण ती कोणत्या तंतूंचे काम पाहते हे अर्जात लिहिलेले नाही. परीक्षेच्या आधी घेतलेल्या गॅबापेंटिन, प्रेगाबॅलिन किंवा ड्युलोक्सेटिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधांची वेळ अर्जात विचारली जात नाही. औषधाने दुखणे कमी होते आणि गुंगी चढते. दोन्ही गोष्टी कामाच्या क्षमतेशी जोडलेल्या आहेत. नसांचे दुखणे कमीजास्त होते, म्हणून बऱ्या दिवशी झालेल्या एकाच परीक्षेवरून टक्केवारी उतरवणे अन्यायाचे आहे. पाच वर्षे टिकलेल्या टक्केवारीला कलम ३.३४४ जे संरक्षण देते, ते नसांच्या दाव्यांत पहिल्या दिवसापासून द्यायला हवे.

भारतातली कुटुंबे आम्हाला विचारतात की तिकडे एवढ्या पायऱ्या कशासाठी. भारतीय सैन्यात २० टक्क्यांपासून पुढचे अपंगत्व ५०, ७५ किंवा १०० टक्क्यांपर्यंत उचलून धरले जाते, आणि २०१४ च्या रामअवतार निकालाने तो फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. ती पद्धत इथे आणा असे आमचे म्हणणे नाही. दोन देशांच्या निवृत्तिवेतनाचे गणित वेगळे आहे. पण एका टक्क्याच्या वादाने माणसाचे आयुष्य टांगणीला लागू नये, ही जाणीव त्या पद्धतीत आहे.

हे पत्र वाचणाऱ्या कुटुंबांना दोन-चार गोष्टी इथेच सांगतो, कारण नियम बदलेपर्यंत दावे थांबणार नाहीत. सगळे पुरावे जमण्याची वाट न पाहता आधी दावा करण्याच्या इराद्याची नोंद, अर्ज २१-०९६६, करून ठेवा. त्यानंतर वर्षभरात पूर्ण दावा केला तर भरपाई त्या नोंदीच्या तारखेपासून मोजली जाते. नसांच्या परीक्षेचा अर्ज तुमचा खासगी डॉक्टरही भरू शकतो. भरताना त्याने कोणती नस, डावी की उजवी, आणि पायरी का निवडली हे एका वाक्यात लिहावे. आजाराचे नाव न्यूरायटिस असेल तर तोच शब्द लिहायला सांगा. घरच्या माणसाची साक्ष अर्ज २१-१०२१० वर द्या आणि तीत मत न देता पाहिलेले लिहा: रात्री किती वेळा उठतो, किती पावले चालल्यावर बसतो, हातातून भांडी किती वेळा पडतात, शॉवरखाली उभा राहताना भिंत धरतो का, गाडी चालवणे कधीपासून बंद केले. 'त्याला खूप त्रास होतो' या वाक्याने पायरी बदलत नाही. बारीक तंतूंचा संशय असेल तर त्वचेच्या तुकड्याची तपासणी करून तिचा अहवाल फाइलला जोडा. कामावर परिणाम झाला असेल तर अर्ज २१-८९४० वेगळा भरा. तो आपोआप तपासला जाईल असे धरून चालू नका. निर्णय पटला नाही तर एका वर्षाच्या आत तीनपैकी एक वाट धरा: नवीन पुरावा असेल तर अर्ज २०-०९९५, नवीन पुरावा नाही पण चूक स्पष्ट आहे असे वाटत असेल तर २०-०९९६, माजी सैनिकांच्या अपील मंडळाकडे जायचे असेल तर १०१८२. २०-०९९६ वर दूरध्वनीवरील बैठक मागता येते. त्या बैठकीत चुकीचा संकेतांक लागला आहे हे थेट सांगा. नवीन पुरावा तिथे घेतला जात नाही, पण संकेतांकाची चूक हा नवीन पुरावा नव्हे.

सचिव महोदय, आमच्या मागण्या अशा आहेत.

कलम ४.१२३ मधली शारीरिक बदलांची मर्यादा आणि नुसत्या नसेच्या दुखण्याला कलम ४.१२४ मध्ये घातलेली 'मध्यम' पायरीची मर्यादा काढावी. पहिली लगेच काढता येत नसेल, तर शारीरिक बदल म्हणजे काय हे लिहावे आणि त्यात त्वचेच्या तपासणीने सिद्ध झालेले बारीक तंतूंचे नुकसान आणि तपासणीत आढळलेला संवेदनेचा बिघाड दोन्ही घ्यावेत.

कलम ४.१२४अ मधली निव्वळ संवेदनेची टीप काढावी. संवेदनेच्या बिघाडाला त्याने रोजच्या कामावर काय परिणाम केला त्यावरून पायरी द्यावी, कारण कलम ४.१२० स्वतःच सांगते की टक्केवारी हालचालीच्या आणि संवेदनेच्या बिघाडाच्या प्रमाणात असावी.

सौम्य, मध्यम, मध्यमाहून तीव्र आणि तीव्र यांची व्याख्या कामाच्या भाषेत करावी: किती वेळ उभे राहता येते, किती अंतर चालता येते, पडण्याचे प्रमाण, हाताने बारीक काम करण्याची क्षमता, झोपेवरचा परिणाम. ही व्याख्या प्रसिद्ध करावी आणि जनतेच्या सूचना घ्याव्यात.

एकाच नसेच्या तीन संकेतांकांपैकी जो माजी सैनिकाला जास्त टक्केवारी देतो तो लागू करणे बंधनकारक करावे. पसरलेल्या न्यूरोपॅथीत कोणती नस धरायची याचाही नियम असाच करावा.

परीक्षेच्या अर्जात तीन नोंदी वाढवाव्यात: शेवटचे औषध केव्हा घेतले, त्वचेच्या तुकड्याची तपासणी झाली असल्यास तिचा निकाल, आणि आजारी दिवस महिन्यातून किती. विद्युत तपासणी सामान्य आली तरी बारीक तंतूंचा आजार नाकारता येत नाही, हे वाक्य अर्जावर छापावे.

एजंट ऑरेंजच्या एका वर्षाच्या अटीसाठी, त्या काळी वैद्यकीय नोंद नसली तरी सैनिकाची आणि त्याच्या सोबत्यांची लेखी साक्ष पुरेशी मानावी.

या मागण्यांपैकी काही नियम बदलून पूर्ण होतील आणि त्यासाठी जाहीर सूचना व मत मागवण्याचा वेळ लागेल. अर्जातल्या नोंदी, परीक्षकांचे प्रशिक्षण आणि संकेतांकाबाबतची सूचना मात्र विभाग स्वतःच्या अधिकारात करू शकतो. त्याबाबत आम्हाला लेखी उत्तर हवे आहे: कोणती सूचना कोणत्या तारखेपर्यंत निघणार, आणि निघणार नसेल तर का नाही. उत्तर आले की त्याचा मराठी अनुवाद आम्ही या पत्राखाली जोडू.

आपले,
माजी सैनिकांच्या दाव्यांचे काम करणारे मराठी भाषक आणि त्यांची कुटुंबे